बाबांचा वर्ग सुटत नाही

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद द्यायचे असतात. ते दिले असं समज, मला आज उसंत नाही. तुझा पत्ता तुझ्या कंपनीतल्या माणसाकडून काढला. फोन नंबर मात्र त्याने दिला नाही. 'ते नको म्हणालेत,' असं तो जरा ओशाळून म्हणाला. लिफ्ट दुरुस्त करायला तू कुणाकुणाच्या घरी जातोस, पण स्वतःच्या घरून कुणी गाठू नये एवढी व्यवस्था केलेली आहेस. असो.

बाबांना झटका आला. मेंदूचा. याला तीन महिने होत आले. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. आधी का कळवलं नाहीस असं विचारू नकोस. कळवून तू काय करणार होतास हा प्रश्न मला तेव्हा पडला होता, आणि अजूनही पडलेला आहे.

बोलणं गेलं म्हणजे आपलं बोलणं गेलं. पाणी म्हणता येत नाही, दुखतंय म्हणता येत नाही, मला हाक मारता येत नाही. येतं ते फक्त लॅटिन, आणि त्यातलीही नुसती क्रियापदं. जन्मभर शाळेत पोरांकडून जे घोकून घेतलं तेवढंच शाबूत राहिलं, बाकी पाटी पुसली. एक शब्द म्हणतात आणि माझ्याकडे डोळे लावून थांबतात. मी काय करावं अशी त्यांची अपेक्षा आहे ते मला कळत नाही. मग चिडतात, मान फिरवतात. थोड्या वेळाने दुसरा शब्द.

मला लॅटिनचं अक्षर येत नाही हे तुला माहीत आहे. मुलीला त्याची गरज नाही असं बाबांचं मत होतं. तुला होती. तुझ्यावर सकाळ-संध्याकाळ ओतलं आणि सगळं पालथ्या घड्यावर गेलं, आणि आता ज्या घड्यात थेंब घातला नाही तो इथे त्यांच्या उशाशी बसलाय.

मी त्यांचा जाडा शब्दकोश काढला. पण क्रियापद त्यात एकाच रूपाखाली लावलेलं असतं आणि बाबा म्हणतील ते रूप भलतंच असतं. 'मोमोर्दी' हा शब्द शोधण्यात माझी अख्खी सुट्टी गेली. सापडला नाही तो नाहीच.

गंमत म्हणून हे लिहीत नाही. इस्पितळातून बोलणं शिकवणाऱ्या एक बाई येतात. त्यांना मी वाचाबाई म्हणते, त्यांच्यामागे. त्यांचं म्हणणं असं की बाबांचे हे शब्द म्हणजे अडकलेली टेप आहे, वाजते पण तिला काही म्हणायचं नसतं. मार्च संपताना त्या तपासणी करणार. बाबांना समोरचं कळतं आहे अशी एक तरी खूण दिसली तर शिकवणं चालू राहील आणि बाबा घरी राहतील. नाही दिसली तर इस्पितळाची मागची इमारत. मी तिथल्या लोकांना दुकानातून चष्मे पोचवायला जाते, त्यामुळे मला ती ठाऊक आहे. तिथे माणसं भिंतीकडे तोंड करून असतात आणि बदललेल्या नंबरची तक्रारसुद्धा करत नाहीत.

बाबा टेप नाहीत. डोळे तसे नाहीत त्यांचे. पण माझ्या म्हणण्याला कोण विचारतो?

तेव्हा तू एवढंच कर. मी ऐकलेले शब्द लिहिते, तू अर्थ कळव. क्लाउदो. आपेरिओ. मोमोर्दी. आणि सेदे. हा शेवटचा सगळ्यात जास्त येतो, विशेषतः संध्याकाळी मी जेवण वाढायला लागले की. याचा मूळ शब्द मला कोशात सापडला, त्याचा अर्थ बसणे. म्हणून 'सेदे' म्हणाले की मी त्यांना उठवून बसवते. पाठीखाली हात घालून, वर ओढून, मागे उशा लावून. बसवलं की पुन्हा म्हणतात 'सेदे'. मग अजून थोडं वर ओढते. बरोबर करते आहे ना, एवढं सांग.

माझा नंबर खाली लिहिला आहे. वापरलास तर झिजणार नाही.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, 'बाबा कसे आहेत' नाही. नुसते अर्थ. तुझं अक्षर मात्र अजून तसंच आहे, शेवटच्या अक्षराला शेपटी काढायची सवय गेली नाही. मी ते कार्ड बराच वेळ हातात धरून बसले होते, हे तुला सांगायचं नव्हतं.

क्लाउदो म्हणजे बंद करतो, आपेरिओ म्हणजे उघडतो. छान. तेव्हापासून आमच्या घरातल्या खिडकीला विश्रांती नाही. 'क्लाउदो' म्हणाले की मी धावत जाऊन खिडकी लावते. बाबा माझ्याकडे बघतात. 'आपेरिओ' म्हणाले की उघडते. पुन्हा बघतात. समोरच्या घरातली म्हातारी काल विचारत होती, तुम्ही कुणाला खुणा करता का. मी म्हटलं, हो, पण पलीकडून उत्तर येत नाही.

मोमोर्दीचं तर विचारूच नकोस. मी चावलो, असा अर्थ तू कळवलास. मला वाटलं जीभ चावली गेली. चमचा टाकला, बॅटरी आणली, तोंड उघडायला लावून आतून सगळं बघितलं. काही नव्हतं. बाबांनी नंतर संध्याकाळपर्यंत ओठ घट्ट मिटून ठेवले. लॅटिनच्या मास्तरांच्या दाढा त्यांच्या मुलीने बॅटरी मारून तपासल्या. आई असती तर हसून हसून खाली बसली असती.

पण एक सांग. मी चार शब्द लिहिले होते आणि तू तीनच शब्दांचे अर्थ पाठवलेस. सेदे सोडलास. विसरणारा तू नाहीस. ताकाला जाऊन भांडं लपवणारा आहेस, तो लहानपणापासून. सोपा शब्द म्हणून सोडलास की काय?

बाबांची कॉट मी बाहेरच्या खोलीत हलवली आहे, म्हणजे मला स्वयंपाकघरातून ते दिसतात. त्यांना तिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं. काल वाढताना मला तुझी आठवण झाली. शेवटच्या त्या दिवसांत, आई गेल्यानंतर, तू त्याच दाराच्या चौकटीला टेकून उभ्याउभ्या जेवायचास. ताट हातात, नजर ताटात. मी किती वेळा म्हटलं असेन, अरे खुर्ची आहे, बस ना. बसला नाहीस. मला वाटायचं ही नवीन उर्मटपणाची तऱ्हा. बाबा तर तुझ्याकडे बघायचेही नाहीत. आणि मग एक दिवस तू ताट धुऊन ठेवलंस आणि गेलास. अभ्यासावरून बिनसलं असं बाबा सगळ्यांना सांगत. तू तेही सांगितलं नाहीस.

नवे शब्द खाली लिहिते आहे. मी बरी आहे.

ताई

६ मार्च

धाकट्या,

मी बरी आहे असं लिहिलं होतं ते खरं नव्हतं. पाठ गेली. बाबांना वर ओढताना कमरेत काहीतरी कट्‌ झालं आणि मी त्यांच्या कॉटच्या कडेला गुडघ्यावर बसले ती बसलेच. बाबा वर, मी खाली, आणि ते म्हणतायत 'सेदे, सेदे'. मला इतका राग आला. मी म्हटलं, बसलेय की बाबा, अजून किती बसू? ते रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. मग मीही रडले. दोघांना थांबवणारं तिसरं कुणी घरात नव्हतं, त्यामुळे ते बराच वेळ चाललं.

आता पट्टा बांधून दुकानात जाते. मालक चांगले आहेत, अर्धा दिवस सोडतात. काचा घासताना उभं राहवत नाही म्हणून त्यांनी मला उंच स्टूल दिलं. पण मी थकले आहे, धाकट्या. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच जाणवतं, दिवस पुढे उभा असतो आणि मी त्याच्याआधीच संपलेली असते. वाचाबाईंनी मागच्या इमारतीचा कागद आणून ठेवला आहे, 'मनाची तयारी असावी म्हणून'. मी सही केलेली नाही. पण कागद परतही केला नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

अशात तुझं दुसरं कार्ड आलं. सगळ्या शब्दांचे अर्थ, आणि खाली एक ओळ. 'त्या शब्दाला त्यांना उठवून बसवू नकोस. ते तुझ्यासाठी नाही.'

तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकायला बरं आहे. माझ्यासाठी नाही तर कुणासाठी आहे? या घरात मी आहे आणि ते आहेत. मला कोडी घालू नकोस. कोडी सोडवायचं वय गेलं आणि पाठही गेली. तुला काही ठाऊक असेल तर सरळ लिही. तपासणी तोंडावर आली आहे, आणि बाबांना कळतं आहे हे दाखवू शकेल असा माणूस जगात तू एकटा आहेस. ये असं मी म्हणत नाही. निदान लिही.

ताई

१५ मार्च

धाकट्या,

तू लिहिलं नाहीस. पण मला कळलं.

तुझा बेडक्या आला होता, तुझ्या बाकावरचा. आता दातांचा डॉक्टर झालाय, पोट सुटलंय, डोळे मात्र तसेच बाहेर आलेले. आपल्या मास्तरांना बघायला आला. मी चहा टाकायला आत गेले आणि बाहेरून बाबांचा आवाज आला, 'क्लाउदो'. मी सवयीने खिडकी लावायला निघाले. बघते तर बेडक्या खुर्चीतून उठून ताठ उभा, हात बाजूला, आणि एका दमात म्हणतोय, 'क्लाउदो, क्लाउदेरे, क्लाउसी, क्लाउसुम.'

बाबांनी मान हलवली. म्हणाले, 'सेदे.'

बेडक्या बसला. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी या चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. मग त्यांनी दुसरा शब्द दिला, बेडक्या पुन्हा उठला. तिसऱ्याला तो चुकला. बाबांनी डाव्या हाताचं बोट वाकवून कॉटच्या लोखंडी कडेवर दोनदा ठोकलं आणि म्हणाले, 'स्ता.' बेडक्या उभाच राहिला. एवढा मोठा माणूस, दवाखाना आहे त्याचा, आणि चूक दुरुस्त होईपर्यंत खाली बसला नाही.

मी दारात चहा घेऊन उभी होते. आपण इतके दिवस खिडक्या उघडत-लावत होतो, पाणी आणत होतो, दाढा बघत होतो, आणि बाबा वर्ग घेत होते. एवढं साधं होतं ते. मास्तर पहिलं रूप म्हणणार, पोराने उभं राहून पुढची तीन म्हणायची. बरोबर आलं तर 'सेदे', बस. चुकलं तर दोन टकटक आणि 'स्ता', उभा राहा. काही वेळा मधलंच रूप टाकायचं, पोर जागं आहे का बघायला. त्यांना माझ्याकडून खिडकी नको होती, उत्तर हवं होतं. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नाही, म्हणून मला ते ठाऊक नव्हतं. शब्दाचा अर्थ कोशात असतो, पण बाबा तो शब्द कशासाठी वापरतात ते कोशात कुठून असणार?

हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. का लिहिलं नाहीस ते मी बेडक्याला विचारलं. तो टाळत होता. दुसरा कप चहा दिल्यावर बोलला.

आईला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी वर्ग घेतला, हे मला माहीत होतं. तू त्या वर्गात होतास, हे मी कधी मनात जोडून बघितलं नाही. क्रियापदांच्या तक्त्यात त्या दिवशी जे आलं ते आलं, आणि बाकांच्या क्रमाने तुझी पाळी होती. बाबा म्हणाले, 'तोल्लो.' उचलतो. उचलून नेतो. तू आदल्या दिवशी आईला खांदा दिला होतास. तू उभा राहिलास आणि तुझ्या तोंडून काही निघेना. बाबांनी दोनदा टकटक केलं. 'स्ता.' घंटा झाली, ते पुस्तकं उचलून निघून गेले. तू उभाच.

पुढच्या वर्गाला त्यांनी तुला पुन्हा तेच विचारलं, आणि त्याच्या पुढच्यालाही. तू कधी उत्तर दिलं नाहीस आणि ते कधी 'सेदे' म्हणाले नाहीत. वर्ष संपेपर्यंत तू त्यांच्या तासाला उभा राहिलास. घरी येऊनही तू बसला नाहीस. बापलेक दोघांचंही तसंच, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आणि मी मध्ये वाढप करत होते आणि म्हणत होते, अरे खुर्ची आहे.

बेडक्या म्हणाला, "ताई, तो हट्टाने गप्प नव्हता. पहिल्या दिवशी तरी नाही. तोंड उघडलं होतं त्याने. शब्दच आला नाही."

मला बाबांचा राग आला, धाकट्या. लुळ्या माणसाचा राग येतो याची लाज वाटते, पण आला. त्यांनी तक्ता बघितला आणि तुझं तोंड बघितलं नाही. बेडक्या गेल्यावर मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. मग ताटं घेतली. वाढायला लागले तसं त्यांनी मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाले, 'सेदे.' त्यांनी कुणालाही शब्द विचारला नव्हता. मी तिथे नव्हते, मी कॉटजवळ होते. चौकट रिकामी होती.

चार महिने रोज संध्याकाळी ते हेच म्हणत होते. माझ्यासाठी नव्हतं ते. तू बरोबर लिहिलंस.

ताई

१ एप्रिल

धाकट्या,

तपासणी झाली. आधी निकाल सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. लागला असेल असं धरून चालते. बाबा घरीच राहणार.

बेडक्या गेल्यापासून मी बाबांचा जुना तक्ता कपाटामागून काढून भिंतीला लावला होता आणि रोज त्यावरून पाठ करत होते. या वयात! दुकानात काचा घासताना तोंडाने 'मोर्देओ, मोर्देरे, मोमोर्दी, मोर्सुम' चालू. एका गिऱ्हाइकाने मालकांना हळूच विचारलं, बाईंची तब्येत बरी आहे ना. घरी आल्यावर मी कॉटसमोर उभी राहायची, पट्टा बांधून, बाबा विचारायचे, मी सांगायची. चुकले की टकटक. मला जन्मात पहिल्यांदा बाबांनी शिकवलं, ते असं.

वाचाबाई आल्या त्या चित्रं घेऊन. चमचा दाखवा, दार दाखवा. बाबांनी चित्रांकडे बघितलंसुद्धा नाही. बाई लिहीत होत्या, आणि त्या काय लिहीत असणार ते मला उलट्या बाजूनेही वाचता येत होतं. मी म्हटलं, बाई, मला जरा वेळ द्या. उभी राहिले. बाबा म्हणाले, 'आपेरिओ.' मी बरोबर सांगितलं, 'सेदे' मिळालं. पुढच्याला मी मुद्दाम चुकले. टकटक, 'स्ता'. वाचाबाई म्हणाल्या, हे सवयीचंही असू शकतं, तुमचा चेहरा बघून ओळखत असतील. मग मी तक्ता भिंतीवरून काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्ही उभ्या राहा. त्यांना लॅटिन येत नाही, म्हणजे चेहऱ्यावरून काही कळायची सोय नाही. बाबांनी शब्द दिला. बाईंनी बोट ठेवून ओळ वाचली. टकटक. बाई गोंधळल्या. बघते तर त्यांनी खालची ओळ वाचली होती. वरची वाचली. बाबा म्हणाले, 'सेदे.'

बाई बसल्या. मग म्हणाल्या, "ही टेप नाही. यांना कळतंय."

जाताना मागच्या इमारतीचा कागद त्यांनी स्वतः घडी करून पिशवीत घातला. मी दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसले, इतकी थकले होते. आनंद झाला म्हणायला हवा. झाला असेल, पण तो यायला जरा वेळ लागणार असं दिसतं.

एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्या हातातली नाही. तक्ता पुढे चालला की एका ठिकाणी बाबा अडतात. त्याच्या आधीचं विचारतात, नंतरचं विचारतात, 'तोल्लो' विचारत नाहीत. मी एकदा आपणहून म्हटलं, चारही रूपं, अगदी बरोबर. त्यांनी टकटक केलं नाही की 'सेदे' म्हटलं नाही. नुसती मान हलवून नको म्हणाले. ते उत्तर माझ्याकडून त्यांना नको आहे.

तू ये असं आता मी म्हणते. मागच्या पत्रांत म्हटलं नव्हतं.

ताई

१३ एप्रिल

धाकट्या,

थोडक्यात लिहिते. बाबांना दुसरा झटका आला. लहान आहे म्हणतात डॉक्टर. लहान असून आवाज घेऊन गेला. आता लॅटिनही नाही. ओठ हलतात, घशातून हवा येते, शब्द होत नाही. डावा हात थोडा हलतो. ऐकू येतं, त्याबद्दल डॉक्टरांना शंका नाही, पण किती दिवस, त्याबद्दल ते खांदे उडवतात.

त्यांना माफ कर असं मी तुला म्हणत नाही. तो तुमचा दोघांचा हिशेब आहे आणि तू शेवटपर्यंत न मिटवलास तरी मी तुला बोल लावणार नाही. पण त्यांना अजून ऐकू येतं आहे. तुला यायचं नसेल तर फोन कर. मी फोन त्यांच्या उशीवर ठेवीन. तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही.

ताई

२० एप्रिल

धाकट्या,

काल तू फोन केलास. मी 'हॅलो' म्हटलं, तू काही बोलला नाहीस, आणि मी ओळखलं. तुझा श्वास ओळखायला मला तुझ्या नावाची गरज नाही, मी तुला कडेवर घेऊन वाढवलंय. आवाज मोठा करून फोन बाबांच्या उशीवर ठेवला.

तू म्हणालास, 'तोल्लो, तोल्लेरे, सुस्तुली, सुब्लातुम.'

एवढंच. न अडखळता. आवाज किती जाड झालाय तुझा. मग तू थांबलास, आणि इकडून काहीच आलं नाही. मी ऐकत होते, तू वाट बघत होतास. तुझ्या मागे कुठल्यातरी लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. मग तू फोन ठेवलास. तू काय समजून ठेवलास ते मला इथे बसून कळतंय. म्हातारा अजूनही गप्प, असंच ना? म्हणून आज पाठदुखी, दुकान, सगळं बाजूला ठेवून लिहायला बसले. तुला फोनवर दिसलं नाही ते मी बघितलं आहे.

तुझा आवाज आला तसे बाबांनी डोळे उघडले. तू पहिलं रूप म्हणालास तेव्हा त्यांचं बोट वाकलं, कॉटच्या कडेशी गेलं. पण त्यांनी ठोकलं नाही. तू शेवटचं म्हणेपर्यंत ते बोट तसंच धरून राहिले. मग ओठ हलले, पुन्हा पुन्हा हलले, हवा आली, शब्द आला नाही. तोंड उघडलं होतं त्यांनी, धाकट्या. शब्दच आला नाही. ते कसं असतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मग त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि डावा हात उचलला. किती कष्टाने उचलला ते मी सांगू शकत नाही. पंजा पालथा केला आणि हळूहळू खाली आणला, वर्गात पोराला बसवतात तसा. तोपर्यंत तू फोन ठेवला होतास. त्यांना ते कळलं नाही. ते चौकटीकडे बघत होते, आणि हात खाली आला तो तसाच चादरीवर राहिला.

आज संध्याकाळी मी वाढलं. त्यांनी दाराकडे बघितलं नाही. ओठही हलवले नाहीत. चार घास खाल्ले आणि झोपले.

त्यांना म्हणता आलं नाही म्हणून त्यांच्या वतीने मी लिहिते. तू जिथे असशील तिथे, हातातलं पत्र ठेव, आणि खाली बस. आणि मग उठून घरी ये. त्या दाराशी मी खुर्ची ठेवली आहे.

ताई